बेक केलेला बोर्ड सोल्डर का धरत नाही? ओएसपी थराचं महापे एमआयडीसीतलं एक प्रकरण

बोर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवायची तांब्याच्या वाटांची पाटी (पीसीबी), लिफ्टच्या कंट्रोलरचा. चार थरांचा, १.६ मिमी जाड, दोन्ही बाजूंना एसएमटीचे, म्हणजे पृष्ठावरच सोल्डर होणारे भाग आणि शेवटी वेव्ह सोल्डरिंगला (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून) जाणारे रिले व कनेक्टर. उघड्या तांब्यावर सोन्याचा किंवा कथिलाचा मुलामा नाही. आहे तो फक्त ओएसपी, म्हणजे सोल्डरिंग होईपर्यंत तांबं राखणारा सेंद्रिय थर, जाडी ०.२ ते ०.५ मायक्रॉन. असेंब्ली नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतली, महिना जुलै. आधी घेतलेली बी बाजू ठीकठाक निघाली. दुसऱ्या फेरीत ए बाजूच्या क्यूएफएन (बाहेर पाय नसलेल्या, तळाशी पॅड असलेल्या) आयसीच्या पॅडवर आणि ०६०३ आकाराच्या बारीक रेझिस्टरच्या टोकांशी सोल्डर गोळा होऊन बसलं, तांब्यावर पसरलंच नाही. वेव्हवर त्याहून वाईट: कनेक्टरच्या छिद्रांत सोल्डर निम्म्यावर थांबलं. असेंब्ली तपासायचं मानक आयपीसी-ए-६१० सर्वसाधारणपणे छिद्राच्या उंचीच्या ७५ टक्के भराव मागतं.

प्रकरण नमुन्याचं आहे. लाइनवर एरवी सुट्या सुट्या घडणाऱ्या चुका इथे एकाच लॉटवर आणल्या आहेत आणि लॉटचे तास, तापमानं त्या हिशेबाने धरली आहेत. रसायनाचे आणि मानकांचे आकडे मात्र धरलेले नाहीत.

पाकीट फोडल्यापासून वेव्हपर्यंत

बोर्ड २५-२५ च्या व्हॅक्यूम पाकिटांत आले. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. इनवर्डला नग मोजायचे म्हणून सगळी पाकिटं कापली, मोजणी झाल्यावर सेलोटेप लावून परत बंद केली. स्टोअरचा एसी रात्री बंद. नऊ दिवसांनी लाइनवर मागणी आली तेव्हा कार्डावरचा ४० टक्क्यांचा ठिपका गुलाबी झालेला होता.

ओला बोर्ड रिफ्लोमध्ये, म्हणजे सोल्डर पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीत, फुगतो, थर सुटतात, ही भीती खरी आहे. बोर्डाचं काचतंतू-इपॉक्सीचं साहित्य, एफआर-४, हवेतलं पाणी शोषतं आणि २४० अंशांना त्याची वाफ जिथे वाट मिळेल तिथे फाडते. त्यामुळे सुपरवायझरने बोर्ड ११० अंश सेल्सिअसला चार तास बेक केले, तेही आयसी बेक करायच्या साध्या गरम हवेच्या ओव्हनमध्ये. आयसीच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे. ओलाव्याला नाजूक असलेल्या भागांसाठी जे-एसटीडी-०३३ मध्ये १२५ अंशांपर्यंतचं बेकिंग दिलेलं आहे. तीच सवय बोर्डाकडे वळली. बोर्डांसाठीचं आयपीसी-१६०१ ओएसपी असलेले बोर्ड बेक करण्याविरुद्ध सावध करतं, पण स्टोअरच्या भिंतीवर लावलेला तक्ता फक्त आयसीचा होता.

पुढचा क्रम असा. बेकिंगच्याच दिवशी बी बाजू: एसएसी-३०५ (कथिल-चांदी-तांबं मिश्रधातूची) पेस्ट, साध्या हवेतला रिफ्लो, शिखर तापमान २४६ अंश. मग साप्ताहिक सुटी. ए बाजू ३८ तासांनी. तिथे स्टेन्सिल (पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा) सरकल्यामुळे काही बोर्डांवर पेस्ट तिरकी पडली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली आणि त्याच बोर्डांवर पुन्हा छापली. दुसऱ्या दिवशी वेव्ह.

या क्रमातच निदान दडलेलं आहे. दोष बी बाजूला जवळपास नाही, ए बाजूला ठळक, वेव्हला सर्वांत जास्त, आणि धुतलेल्या बोर्डांवर त्याहूनही जास्त. पेस्ट खराब असती तर तिला बाजू कळली नसती. पीसीबी कारखान्यात थर नीट बसला नसता तर बी बाजूही रडली असती. दोष प्रत्येक उष्ण फेरीनंतर वाढत जातो याचा अर्थ काहीतरी टप्प्याटप्प्याने संपत चाललं आहे.

थर नक्की काय अडवतो

ओएसपीला पातळ वॉर्निश समजलं की पुढचे सगळे निर्णय चुकतात. हे रेणू अझोल कुटुंबातले: सुरुवातीच्या काळात बेंझोट्रायझोल, नंतर इमिडॅझोल, आता बहुतेक ठिकाणी बेंझिमिडॅझोलचे किंवा फिनाइलइमिडॅझोलचे सुधारित प्रकार. सर्वांच्या पाच अणूंच्या कड्यात नायट्रोजन असतो आणि तो आपली इलेक्ट्रॉनची जोडी देऊन तांब्याला धरतो. बेंझोट्रायझोलचा थर काही नॅनोमीटरवरच थांबतो. सुधारित बेंझिमिडॅझोलमध्ये तांब्याचे आयन वाढत्या थरात वर चढत राहतात, नव्या रेणूंना बांधतात, आणि शेजारशेजारच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात. म्हणून मिनिटभराच्या बुडवणीत थर मायक्रॉनच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंत जातो. कारखान्यातली ओळ साधारण अशी: आम्लाने सफाई, पाणी, मायक्रोएच करून तांब्याचा १ ते १.५ मायक्रॉन काढणं, पुन्हा पाणी, सौम्य आम्ल, मग ४० अंशांच्या आसपासचं ओएसपीचं द्रावण, आयनमुक्त पाण्याने धुणं आणि गरम हवेने सुकवणं.

आता एक हिशेब करू. थर ०.३ मायक्रॉनचा. दाट पॉलिमरमध्ये ऑक्सिजनचा विसरण गुणांक सेकंदाला एक चौरस सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग धरू. बऱ्याच दाट प्लास्टिकांसाठी हा आकडा याच्या दहापट इकडे-तिकडे असतो. जाडीच्या वर्गाला या गुणांकाच्या सहापटीने भागलं की ऑक्सिजन पलीकडे पोचायला लागणारा वेळ निघतो. उत्तर येतं सुमारे ०.०१५ सेकंद. पापणी लवायच्या आत. ऑक्सिजनची नेहमीची विद्राव्यता धरून स्थिर प्रवाह काढला, आणि पलीकडे पोचलेला प्रत्येक रेणू तांब्याने पकडला असं मानलं, तर क्यूप्रस ऑक्साइडचा थर मिनिटाला आठ-नऊ नॅनोमीटरने वाढायला हवा.

तसं होत नाही. नीट बंद केलेल्या पाकिटातला बोर्ड सहा महिने ते वर्षभर सोल्डर धरतो. म्हणजे ऑक्सिजन थरातून गळतोच, पण पलीकडे त्याला बसायला जागा नसते. तांब्याच्या पृष्ठावरच्या जागा अझोलने आधीच धरून ठेवलेल्या असतात. शिवाय ऑक्साइड वाढायला नुसता ऑक्सिजन पुरत नाही. तांब्याचे आयन आणि इलेक्ट्रॉन बाहेर यावे लागतात, आणि पाण्याची पातळ ओल असेल तर ही देवाणघेवाण भराभर होते. थर ओल लांब ठेवतो आणि आयनांची वाट अरुंद करतो. उघडं तांबंसुद्धा कोरड्या थंड हवेत दोन-चार नॅनोमीटर ऑक्साइडनंतर मंदावतं, कारण मग ते ऑक्साइडच आयनांना अडवू लागतं. खरी अडचण ओल, उष्णता आणि क्षार यांनी ती मंदी मोडली की सुरू होते.

यातून निघणारी पहिली गोष्ट पीसीबी खरेदी करणाऱ्यांना सहसा रुचत नाही: ओएसपी जाड मागवून संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेनंतर जाड थर फ्लक्सलाच, म्हणजे सोल्डरआधी ऑक्साइड साफ करणाऱ्या रसायनालाच, जड जातो. तांब्यालगतची पकड किती सलग आहे आणि वरच्या साखळ्या किती दाट बसल्या आहेत, यावर सगळं अवलंबून. पाण्यावर सिटाइल अल्कोहोलचा फक्त एका रेणूच्या जाडीचा थर पसरला तरी बाष्पीभवन मोजता येईल इतकं कमी होतं, कारण त्या साखळ्या सरळ आहेत आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. ओलिक आम्लाची साखळी मध्येच वाकलेली असते. तिचा थर तेवढ्याच जाडीचा असूनही पाण्याची वाफ जवळपास निर्धास्त निघून जाते. समुद्रावरच्या हवेतल्या सूक्ष्म थेंबांवर सेंद्रिय थर असतात, तिथेही थेंबात शिरणाऱ्या वायूंची अभिक्रिया किती मंदावेल हे रेणूंच्या दाटीवरच ठरतं.

दुसरी गोष्ट छिद्रांची. हवेत ऑक्सिजनचा विसरण गुणांक सेकंदाला ०.२ चौरस सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे वर धरलेल्या थरातल्या आकड्याच्या दोन कोटी पट. त्यामुळे क्षेत्रफळाचा नगण्य अंशही उघडा पडला तर उरलेला थर कितीही चांगला असून उपयोग नसतो. छिद्रं कुठून येतात? एकावर एक रचलेले बोर्ड घासून, मायक्रोएचनंतर राहिलेल्या डागांमुळे, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त घामाच्या बोटांमुळे. घामातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि क्लोराइड तांब्याची पकड सोडवतो. हातमोजे घालण्याचा नियम सगळीकडे लिहिलेला असतो. मोजणी करणाऱ्या स्टोअरच्या माणसाला ते दिलेले असतीलच असं नाही.

चार तास, ११० अंश

अभिक्रियेचा वेग दर १० अंशांना दुप्पट होतो, हा ढोबळ नियम धरला तर २५ वरून ११० वर जाताना साडेआठ दुपटी होतात: सुमारे साडेतीनशे पट. चार तासांचं बेकिंग म्हणजे दोन महिन्यांची उघडी साठवण एका दुपारी उरकणं. त्यातून पंखा फिरणाऱ्या ओव्हनमध्ये ताजी हवा सतत मिळत राहते. नियम ढोबळ आहे, खऱ्या थराचा आकडा इकडे-तिकडे होईल, पण दिशा आणि मोठेपणा यात शंका नाही.

मग रिफ्लो तर २४६ अंशांचा, त्याने पहिल्याच फेरीत वाट का लागत नाही, असा प्रश्न कोणीही विचारेल. उत्तर वेळेत आणि फ्लक्समध्ये आहे. एसएसी-३०५ वितळतं २१७ अंशांना आणि बोर्ड त्याच्या वर राहतो मिनिटभर, फार तर दीड मिनिट. ज्या पॅडवर पेस्ट आहे तिथे फ्लक्स आधीच ऑक्साइड खाऊन बसलेला असतो. पण याच फेरीत उलट बाजूच्या पॅडवर पेस्ट नसते, फ्लक्स नसतो; ते नुसते भाजतात. चांगल्या ओएसपीची रचना अशा दोन-तीन फेऱ्या सोसण्यासाठीच केलेली असते. या लॉटची ती शिल्लक बेकिंगने आधीच खाल्ली. बी बाजूला फक्त बेकिंगचा फटका बसला, तो पेस्टमधल्या फ्लक्सला झेपला. ए बाजूला बेकिंग, त्यावर बिनफ्लक्सचा रिफ्लो, त्यावर ३८ तास दमट हवा. वेव्हच्या छिद्रांना बेकिंग आणि दोन रिफ्लो, शिवाय आणखी एक दिवस.

नुकसान दुहेरी आहे, आणि दुसरी बाजू बऱ्याचदा सुटून जाते. थराखाली ऑक्साइड वाढतं हे झालंच. पण थर स्वतःही बदलतो: ऑक्सिजन आणि उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, काही तुटतात, आणि उरतं ते फ्लक्सला सहज न विरघळणारं कवच. थराने तांबं आणि ऑक्सिजन यांच्यात उभं राहायचं आणि गरम फ्लक्स आला की बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. बेक केलेला थर ऑक्सिजनला अडवत नाही आणि फ्लक्सला वाट देत नाही. नो-क्लीन (नंतर धुवावी न लागणाऱ्या) पेस्टच्या फ्लक्समध्ये सेंद्रिय आम्लं मोजकीच असतात. त्यांनी आधी कवच फोडायचं, मग जाड ऑक्साइडचं तांब्याच्या क्षारात रूपांतर करायचं. तोवर ती संपतात आणि सोल्डर गोळा होऊन बसतं.

अल्कोहोलने धुतलेल्या बोर्डांची गोष्ट वेगळी आहे. तिथे थर कडक झालेला असो वा नसो, अल्कोहोल त्यातला सुटा भाग ओढून नेतं, थर जागोजागी विरळ होतो आणि पुसताना पॅडच्या कडा उघड्या पडतात. वर धुतलेल्या पेस्टचे कण छिद्रांत अडकतात ते निराळेच.

जे केलं आणि ज्याने बिघडलं

दोष दिसल्यावर पहिला उपाय नेहमीचाच: प्रोफाइल, म्हणजे रिफ्लोचा तापमान-वेळेचा आराखडा, गरम करा. शिखर २५५ वर नेलं, १५० ते २०० अंशांमधला सोक (सोल्डर वितळण्याआधी बोर्ड तापवत ठेवण्याचा टप्पा) १५० सेकंदांवर नेला. निकाल आणखी वाईट, आणि तो तसाच यायला हवा होता. लांब सोकमध्ये फ्लक्सची आम्लं सोल्डर वितळायच्या आधीच खर्ची पडतात, आणि साध्या हवेत जास्तीची उष्णता तांब्याला अधिक ऑक्साइड चढवते. ओएसपीला उलटं लागतं: सोक ६० ते ९० सेकंद, २१७ च्या वर ४५ ते ७५ सेकंद, शिखर २३८ ते २४५, आणि शक्य असेल तर नायट्रोजन, ओव्हनमधला ऑक्सिजन १००० पीपीएमच्या खाली.

दुसरा संशय खाडीवर. ठाणे खाडीला ओहोटी लागली की खारफुटीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो आणि ऐरोली-घणसोलीच्या बाजूला तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गंधकाने तांबं काळवंडतं हेही खरं. पण खाडीला दोष देणं सोपं आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. तपासायला एक तांब्याची आणि एक चांदीची पट्टी महिनाभर स्टोअरमध्ये टांगावी लागते. हवा किती गंजवते याचं मानक आयएसए-७१.०४ प्रमाणे महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला तर हवा सौम्य वर्गात येते. या प्रकरणात मात्र महिनाभर थांबायची गरज नव्हती. त्याच स्टोअरमधलं, त्याच लॉटचं, पण चुकून न कापलेलं एक पाकीट हाती लागलं आणि न उघडलेल्या बोर्डांनी पुढच्या चाचणीत झकास सोल्डर धरलं. गंधकाचा अंश बंद पाकिटात येतो तो बहुधा बोर्डांमध्ये घातलेल्या साध्या कागदातून; गंधकमुक्त कागद मागवावा.

चाचण्या

पहिली, रंगावरून. ताजा ओएसपी बोर्ड सामन माशाच्या मांसासारखा गुलाबी दिसतो, भाजलेला तपकिरी. पण एका रिफ्लोनंतर थोडा रंग बदलणं साहजिक आहे, त्यामुळे नुसत्या रंगावर लॉट नाकारू नये. रंग फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

दुसरी, पसरण्याची चाचणी, आणि ही कुठल्याही लाइनवर अर्ध्या दिवसात होते. बोर्डावरच्या तांब्याच्या सलग पट्टीवर स्टेन्सिलने पेस्टचे ठिपके छापायचे, त्यांच्यामधलं अंतर ०.२ मिमीपासून ०.१ च्या पायऱ्यांनी वाढवत न्यायचं. रिफ्लो करून किती रुंद फटीपर्यंत ठिपके एकमेकांना मिळाले ते पाहायचं. बोर्डांचे गट असे पाडायचे: बंद पाकिटातला, बंद पाकिटातला आणि एकदा बिनपेस्टचा रिफ्लो दिलेला, बेक केलेला, बेक केलेला आणि एकदा बिनपेस्टचा रिफ्लो दिलेला, आणि शेवटी धुतलेला. प्रत्येक गटाचे किमान पाच बोर्ड, एकच पेस्ट, एकच प्रोफाइल, एकाच दुपारी. इथे पहिले दोन गट एकमेकांच्या जवळ राहिले, तिसरा थोडा मागे, चौथ्यात ठिपके आपापल्या जागी आखडून बसले. बेकिंग एकटं सोसलं जातं, रिफ्लो एकटा सोसला जातो, दोन्ही मिळून नाही. धुतलेला गट बोर्डागणिक वेगळा निघाला. ज्याने जोरात पुसलं त्याचा बोर्ड जास्त बिघडला.

तिसरी, थराच्या जाडीची. ठरावीक क्षेत्रफळाचा तांब्याचा तुकडा ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात धरून थर विरघळवतात आणि २७० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजतात. त्या वाचनाला उत्पादकाने दिलेल्या स्थिरांकाने गुणलं की मायक्रॉन मिळतात. पीसीबी कारखान्याकडून लॉटगणिक हा आकडा मागून घ्यावा. भाजलेल्या बोर्डावर मात्र ही चाचणी फसवते: गुंतलेला थर आम्लात अर्धवट विरघळतो आणि आकडा कमी दिसतो, जणू थर उडाला. तो उडालेला नसतो, कडक झालेला असतो.

पावसाळ्यापुरतं काय बदलायचं

नग मोजण्यासाठी पाकीट कापू नये. पाकिटावरच्या लेबलवर विश्वास नसेल तर वजनाने मोजावं. लाइनला त्या शिफ्टला लागतील तेवढीच पाकिटं उघडावीत, उरलेले बोर्ड नव्या सिलिका जेलसह व्हॅक्यूम करून ठेवावेत. सेलोटेप म्हणजे बंद नव्हे.

यात एक जागा नवी मुंबईच्या हवेत हमखास चुकते. स्टोअर २२ अंशांवर, लाइनचा मजला २९ अंशांवर, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो. स्टोअरमधून आणलेलं पाकीट तिथेच फोडलं तर थंड बोर्डावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं, आणि सगळी साठवण नीट केलेली असूनही तांब्याला ओल मिळते. बंद पाकीट लाइनवर तीन-चार तास तसंच ठेवावं, मगच फोडावं.

उघडल्यापासून २४ तासांत पहिली बाजू, तिच्यापासून २४ तासांत दुसरी, आणि वेव्हही जमेल तर त्याच मुदतीत. काही ओएसपी याहून जास्त सोसतात, पण ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावं. सुटीच्या आदल्या दिवशी दुहेरी बाजूचा लॉट सुरूच करू नये. नियोजन करणाऱ्याला हे पटवणं रसायन समजावण्यापेक्षा अवघड जातं.

बोर्ड ओले झालेच, तर? खोलीच्या तापमानाला ५ टक्क्यांखालच्या आर्द्रतेचं कोरडं कपाट ओएसपीला काही करत नाही, पण आत तांब्याचे मोठे सलग पट्टे असलेल्या बोर्डातून पाणी निघायला तिथे आठवडे लागतात. बेकिंग टाळताच येणार नसेल तर कमी तापमान, कमी वेळ आणि व्हॅक्यूम किंवा नायट्रोजनचा ओव्हन. त्याआधी त्या ओएसपीच्या उत्पादकाला विचारणं, आणि नंतर आधी पाच बोर्डांवर पसरण्याची चाचणी. साध्या हवेच्या ओव्हनवर 'ओएसपी बोर्ड आत ठेवू नयेत' अशी पाटी लावणं हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय ठरला.

तिरकी पडलेली पेस्ट प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढावी, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, लगेच छापावी. पीसीबीवाल्याने मान्य केलेलं क्लीनर असेल तर तेच, आणि एका बोर्डावर एकदाच. दुसऱ्यांदा तिरकी पडली तर बोर्ड बाजूला. स्टेन्सिलचं भोक पॅडइतकंच ठेवावं: ओएसपीवर सोल्डर कडेपर्यंत आपणहून धावत नाही, पेस्ट जिथे पडते तिथेच ते बसतं. कोपऱ्याला थोडं तांबं उघडं दिसणं यामुळेच होतं, आणि आयपीसी-ए-६१० ते ओएसपीच्या बाबतीत समजून घेतं. तपासनीसाने त्यासाठी टच-अप करत बसू नये.

आणखी एक, जे डिझाइनवाल्यांना आधीच सांगायला हवं: टेस्ट पॉइंटवर पेस्ट छापायलाच हवी. तिथे नुसता भाजलेला ओएसपी राहिला तर टेस्ट जिगच्या पिना नीट टेकत नाहीत आणि चांगले बोर्ड नापास होतात. ज्या पडद्याने रेणू अडवायचे तो वीजही अडवतो.

अडकलेल्या लॉटचं काय केलं

बेक केलेले पण अजून कोरे असलेले बोर्ड पीसीबी कारखान्यात परत. तिथे जुना थर आम्लाने काढून, मायक्रोएच करून, नवा ओएसपी चढवता येतो. प्रत्येक वेळी तांबं मायक्रॉन-दीड मायक्रॉन उतरतं. छिद्रातली तांब्याची भिंत मुळात २० ते २५ मायक्रॉन असते, त्यामुळे एकदा हरकत नाही, दुसऱ्यांदा छेद घेऊन जाडी मोजल्याशिवाय नको. परत आलेल्या बोर्डांवर तारीख नवी टाकावी, नाहीतर स्टोअर त्यांना जुनेच समजून मागे ढकलतं.

बी बाजू भरलेले बोर्ड असे परत पाठवता येत नाहीत. त्यांच्यासाठी ए बाजूला जास्त सक्रिय फ्लक्सची पेस्ट, छोटा सोक आणि नायट्रोजन. सक्रिय फ्लक्स घेतला तर धुणं आलं, आणि धुणं आलं तर रिले व न सील केलेले भाग नंतर बसवणं आलं. तो क्रम आधी कागदावर मांडून घ्यावा. क्यूएफएनखालचा मधला मोठा पॅड बाहेरून दिसत नाही, तिथे एक्स-रेशिवाय पास करू नये. ०६०३ च्या सुट्या टोकांना फ्लक्सच्या पेनने आणि ३५० अंशांच्या बिटने टच-अप चालतं. क्यूएफएनला ते सहसा भुलवतं: कडेला चकाकी येते, खाली सोल्डर सुटलेलंच राहतं.

वेव्हला फ्लक्सची फवारणी वाढवून, ती छिद्रात वरपर्यंत चढते का हे बोर्डावर थर्मल कागद ठेवून तपासलं. वरच्या बाजूचं प्रीहीट ११० ते १२० अंशांवर आणलं. भराव सुधारला, पण जे बोर्ड धुतलेले होते त्यांची छिद्रं तरीही भरली नाहीत. तिथे कनेक्टर हाताने सोल्डर केले.

ज्या बोर्डाला दोन रिफ्लो, वेव्ह आणि मध्ये आठवडाभर थांबणं अटळ आहे, त्याला ओएसपी द्यायचाच नाही, ही यातून निघालेली खरेदीची अट. तिथे निकेलवर सोनं, म्हणजे ३ ते ६ मायक्रॉन निकेल आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा, महाग पडतं पण दमट स्टोअर आणि सुट्या सोसतं. साध्या, एका बाजूच्या, एकाच शिफ्टमध्ये निघणाऱ्या बोर्डांना ओएसपीसारखं सपाट आणि स्वस्त दुसरं काही नाही. ते बोर्ड तसेच चालू ठेवले.